म्हणे, गॅसच्या गाडीला लाइट लागतेच!

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीच्या मीटरमध्ये पिवळी इंजिन लाइट लागली की मालकाला तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात. किट बसवणारा म्हणतो, ‘‘साहेब, गॅसच्या गाडीला ती लागतेच. लक्ष देऊ नका.’’ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार बॉनेट उघडतो, गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर बघतो आणि बॉनेट बंद करतो. ‘‘बाहेरचं किट आहे, त्याचंच काम असणार. आम्ही हात लावत नाही.’’ तिसरे सोसायटीतले जाणकार. त्यांच्याकडे मोबाइलला जोडायचा डोंगल असतो. ते कोड वाचतात, नेटवर शोधतात आणि निकाल देऊन मोकळे होतात, ‘‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवा टाका.’’ आत्मविश्वास तिघांचाही दांडगा, आणि तिघांपैकी एकानेही काहीही मोजलेलं नसतं.

पहिलं उत्तर सगळ्यात जास्त मुरलेलं आहे. इतकं, की जुनी गाडी विकताना मालक लाइटकडे बोट दाखवून ‘गॅस आहे ना’ म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो. यामागे एक युक्तिवाद आहे आणि तो वरवर बरा वाटतो. गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पेट्रोलसाठी बनवलेला. त्याला गॅस कळत नाही. गॅस आला की तो गोंधळतो आणि लाइट लावतो. झालं.

मग कंपनीतूनच सीएनजी घेऊन निघालेल्या गाड्यांचं काय? २०१० पासून आपल्याकडे अशा गाड्या विकल्या जातायत. त्यांत तोच गॅस, तोच साधारण २०० बारचा दाब, तोच रिड्यूसर. त्यांच्या मीटरमध्ये लाइट लागली तर कोणताही ग्राहक ती ‘लागतेच’ म्हणून सोडून देत नाही, वॉरंटीत भांडतो. कंपनीच्या गाडीत ईसीएमची मांडणी दोन्ही इंधनं धरून केलेली असते, हे खरं. पण त्यातून सिद्ध एवढंच होतं की नीट जुळवलेल्या गॅसच्या गाडीला लाइट लागत नाही. प्रश्न उरतो तो जुळवणीचा. आणि नेमकं तेच काम ‘लागतेच’ म्हणणाऱ्याचं असतं, त्याचेच त्याने पैसे घेतलेले असतात.

आता ईसीएम खरंच गोंधळतो का ते बघू. सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोलचा ईसीएम सुट्टीवर जात नाही. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे तोच ठरवतो. किटची पेटी तो इशारा मधेच पकडते, ईसीएमला खोटा रोध दाखवून ‘तुझा इंजेक्टर चालू आहे’ अशी समजूत घालते आणि त्या वेळेला स्वतःच्या गुणकाने गुणून गॅसचा इंजेक्टर उघडते. शेवटी सायलेन्सरच्या पाइपात बसलेला ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो. पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, सीएनजीला साधारण १७.२ पट, पण सेन्सरला यातला एकही आकडा माहीत नसतो. जळून झाल्यावर ऑक्सिजन उरला की नाही, एवढंच तो बघतो. म्हणजे किटचा गुणक बरोबर असेल तर ईसीएमला इंधन बदलल्याचा पत्ताही लागायला नको. आणि गुणक चुकला असेल तर ईसीएम गोंधळलेला नसतो. त्याला जे दिसतंय ते तो बरोबर सांगत असतो.

मिक्सरवाल्या जुन्या किटबाबत मात्र ‘लागतेच’वाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. तिथे थ्रॉटलच्या तोंडाशी गॅस हवेबरोबर ओढला जातो, पेट्रोलचे इंजेक्टर नुसते तोडलेले असतात, आणि ईसीएमला गप्प ठेवायला ऑक्सिजन सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल देणारा इम्युलेटर लावलेला असतो. तो नसला किंवा बिघडला तर लाइट लागणारच. तसंच इंजेक्टर तोडून त्यांच्या जागी खोटा रोध दिला नाही, तर पी०२०१ पासून पी०२०४ पर्यंतचे कोड येतात, एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची वायर तुटल्याचे. पण यात गॅसचा काय दोष? कोणीतरी एक पेटी वाचवली.

आता डोंगलवाल्या जाणकारांकडे येतो. हा पंथ झपाट्याने वाढतोय, कारण कोड सगळ्या गाड्यांत सारखेच आहेत. अमेरिकेत १९९६ पासून ही पद्धत सक्तीची झाली, आपल्याकडे तिचा पूर्ण अवतार २०१३ मध्ये आला. स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट, त्यात खुपसलं की कोड हजर. त्यातलं ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडची भानगड, पुढचा शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड, त्यापुढचा १ किंवा २ म्हणजे इंधन आणि हवेकडची गोष्ट, ३ म्हणजे ठिणगीची, ४ म्हणजे धुराची. इथवर सगळं सोपं आहे. घोटाळा यापुढे होतो, कारण लोक कोडकडे पार्टाचं नाव म्हणून बघतात. कोड फक्त एवढं सांगतो, की ईसीएमने घेतलेली अमुक चाचणी नापास झाली.

पी०१७१ घ्या. मिश्रण पातळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. ईसीएम सेन्सरचं ऐकून इंधन थोडं थोडं वाढवत असतो आणि ती वाढ टक्क्यांत लिहून ठेवतो. स्कॅनरवर हे आकडे फ्युएल ट्रिम या नावाने दिसतात, एक क्षणाक्षणाचा आणि एक दीर्घकाळचा. निरोगी गाडीत दीर्घकाळचा आकडा शून्याच्या आसपास, चारपाच टक्के इकडेतिकडे असतो. वाढवत वाढवत तो वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात गेला की ईसीएम हात टेकतो आणि लाइट लावतो. यात सेन्सरने काय गुन्हा केला? त्याने तर चोरी सांगितली. तो बदलणं म्हणजे चोर सोडून राखणीचा कुत्रा बदलण्यासारखं आहे, आणि तरीही या कोडवर आपल्याकडे सर्रास सेन्सर बदलले जातात.

नेटवरच्या सल्ल्यांचं आणखी एक दुखणं आहे. ते बहुतेक परदेशी गाड्यांवर बेतलेले असतात. ‘पी०१७१ आला? मॅनिफोल्डमधून हवा शिरतेय, नाहीतर एअर फ्लो सेन्सर स्प्रेने धुवा.’ आपल्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतोच, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. अशा इंजिनात जास्तीची हवा शिरली की दाब वाढतो, सेन्सरला तो दिसतो आणि ईसीएम त्या हवेपुरतं इंधन आपणहून वाढवतो. ट्रिम फारसा हलत नाही, रेस मात्र चढते. मॅप सेन्सरला नळीने जोडलेल्या इंजिनात किटवाल्याने त्याच नळीत टी मारून आपला सेन्सर जोडला असेल आणि तिथलं रबर चिरलं असेल, तर अगदी उलटं होतं : सेन्सर दाब फुगवून सांगतो, इंधन जास्त पडतं आणि पातळऐवजी जाड मिश्रणाचा, पी०१७२ कोड येतो. सल्ला देणाऱ्याने आधी बॉनेटखाली कोणता सेन्सर आहे हे बघायला काय हरकत होती?

मग करायचं काय? या गाडीला दोन इंधनं आहेत, हीच तपासणीतली सगळ्यात मोठी सोय आहे आणि तीच कोणी वापरत नाही. साध्या पेट्रोल गाडीच्या मेस्त्रीला हे भाग्य नसतं. पेट्रोलवर ट्रिम बघा, गॅसवर बघा. दोन्हीकडे सारखाच बिघडला असेल तर किटला शिव्या देणं थांबवा. दुखणं दोन्ही इंधनांच्या सामायिक वाटेवर आहे, हवेत, ठिणगीत, सेन्सरमध्ये किंवा सायलेन्सरच्या गळतीत. फक्त गॅसवर बिघडला असेल तर गॅसच्या वाटेवर शोधा.

यात एक फसवणूक आहे, आणि तिला चांगले चांगले मेस्त्री बळी पडतात. गॅसवर शिकलेला ट्रिम ईसीएमच्या डोक्यात तसाच राहतो. बटण दाबून पेट्रोलवर आलात की तो वीस टक्के जास्तीचं इंधन पेट्रोलच्या इंजेक्टरला द्यायला लागतो. गाडी काळवंडते, पेट्रोलचा वास येतो, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, आणि मेस्त्री म्हणतो, ‘बघा, पेट्रोलवरही खराबच आहे.’ गाडीला पेट्रोलवर नीट गरम होऊ द्या, चांगली लांबवर चालवा, आकडा खाली येतोय का ते बघा, आणि मग बोला.

माझ्या ओळखीतली एक हॅचबॅक पी०१७१ घेऊन फिरत होती. तिचा एक सेन्सर आधीच बदलून झाला होता. स्कॅनर लावून चालवली, तर गावातल्या रस्त्यावर गॅसवरचा दीर्घकाळचा ट्रिम सहा-सात टक्के, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा. पेट्रोलवर जवळजवळ शून्य. कात्रजच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गॅसवरचा आकडा चढत चोविसावर गेला. गावातल्या रस्त्यावर गॅस पुरतोय, मागणी वाढली की कमी पडतोय. यात तर्क लढवण्यासारखं काहीच उरलं नाही. रिड्यूसर आणि इंजेक्टर रेलच्या मधला छोटा फिल्टर उघडला तर आतला कागद काळा आणि चिकट. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येतं, ते तिथेच साठतं. फिल्टरची किंमत काही शेकड्यांत. आधी बदललेल्या सेन्सरचं बिल मी इथे सांगत नाही.

मिसिंगच्या कोडचंही असंच. पी०३०० किंवा पी०३०१ ते पी०३०४ आला आणि गाडी फक्त गॅसवर मिसिंग मारत असेल, तर ‘गॅसमुळे’ हे उत्तर तयारच असतं. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. झिजून फट वाढलेला प्लग किंवा दमलेली कॉइल पेट्रोलवर अजून तग धरते आणि गॅसवर आधी हरते. म्हणजे गॅसने दुखणं आणलं नाही, लवकर दाखवलं. पेट्रोलवर तेच काही महिन्यांनी दिसलं असतं. आणि ही लाइट स्थिर न राहता लुकलुकायला लागली तर ‘लागतेच’ म्हणणं सरळ नुकसानीचं आहे : न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि आतली जाळी वितळू शकते, असा तो इशारा असतो. तेव्हा पाय काढायचा, गाडी हळू करायची.

यावर सोपा इलाज म्हणून कोड उडवणारे आहेत. दोन मिनिटांचं काम, लाइट गायब, ग्राहक खूश. उडवताना काय गेलं याचा हिशेब कोणी देत नाही. कोड पडला त्या क्षणीचा सगळा तपशील ईसीएमने टिपून ठेवलेला असतो : इंजिनचे फेरे, गाडीचा वेग, पाण्याचं तापमान, लोड, ट्रिम. तपासणीसाठी याहून मोलाचं काही नाही, आणि पहिल्या फटक्यात तेच पुसलं जातं. बरेच कोड लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दोष दिसला तरच लाइट लावतात, म्हणून उडवल्यावर दोनतीन दिवस शांतता असते आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. बॅटरीची वायर काढून ठेवणं हा याच प्रकाराचा फुकटातला भाऊ. लाइटवर काळी चिकटपट्टी लावणाऱ्यांशी आणि ईसीएममधून तो कोडच बंद करून देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ‘पीयूसी निघते ना?’ असं ते विचारतात. निघते. उभ्या गाडीच्या धुरात नळी घालून ती निघते. कात्रजच्या चढावर कोणी नळी घालत नाही.

मीटरचे काटे हा या गाड्यांतला दुसरा सावत्र विषय. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आहे म्हणजे सगळं ठीक, हा समज नव्या गाड्यांनीच रुजवला. अनेक गाड्यांत तो काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. ऐंशीपासून शंभरपर्यंत पाणी कुठेही असलं तरी तो मधेच बसून राहतो, म्हणजे मालक घाबरायला नको. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाही नाही, निळी आणि लाल बत्ती. अशा गाडीत ‘काटा बरोबर आहे’ ही साक्ष धरता येत नाही, स्कॅनरवरचा अंश सेल्सिअसचा आकडा बघावा लागतो.

आणि आपल्याकडची ती थोर परंपरा : थर्मोस्टॅट काढून टाकणे. ‘आता गाडी कधीच तापणार नाही’ असं सांगून तो काढला जातो. पाणी मग वेळेवर गरमच होत नाही. ईसीएम इंजिन थंड समजून इंधन जास्त देत राहतो, पी०१२८ हा कोड येतो, आणि किट पाणी ठरावीक तापमानाला आल्याशिवाय गॅसवर जात नाही, म्हणून सकाळी गाडी किती तरी अंतर पेट्रोलच पिते. रिड्यूसरला तर गरम पाणी लागतंच. दाब उतरताना गॅस इतका थंड होतो की पाणी कोमट असलं तर रिड्यूसर गारठतो. एव्हरेज पडलं, लाइट लागली, गाडी गॅसवर उशिरा जाते, आणि तिन्हीचं खापर किटवर. थर्मोस्टॅटचं नाव कोणाच्या तोंडी नाही, कारण तो आता गाडीत नाहीच.

पेट्रोलच्या काट्याचं एक प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. किट बसवल्यावर काटा खोटं दाखवायला लागला अशी तक्रार होती. गॅरेजने टाकीतला फ्लोट बदलायचं ठरवलं होतं, म्हणजे मागची सीट उचला, पंपाचं झाकण उघडा, सगळा खटाटोप. त्याआधी एक गोष्ट करून बघितली : इग्निशन चालू ठेवून ब्रेक दाबला. काटा खाली बसला. सोडला, वर आला. फ्लोटला ब्रेक कळत नाही. ब्रेकच्या बल्बांची आणि टाकीतल्या फ्लोटची अर्थिंग मात्र मागे एकाच बोल्टवर होती, आणि सिलिंडरचा स्टँड बसवताना तो बोल्ट सोडून किटच्या काळ्या वायरची टोपी त्याखाली सरकवून परत कसला होता, रंगावरच. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी त्या बोल्टला, ब्रेक दाबून. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, फार तर व्होल्टचा दहावा भाग. दिसला एका व्होल्टहून जास्त. सँडपेपरने पत्रा उघडा केला, दातेरी वायसर टाकला, बोल्ट कसला. फ्लोट जुनाच आहे.

इथे किटवाल्याची चूक होती, अगदी उघड होती. सर्व्हिस सेंटरवाले ‘किटचंच काम’ म्हणतात तेव्हा अशाच गाड्या त्यांच्या डोळ्यांसमोर असणार, आणि पिळून टेप मारलेले जोड, पावसाळ्यात पाणी शिरणारे कपलर बघून त्यांचा जीव वैतागत असेल तर मला नवल वाटत नाही. वॉरंटी नाकारायलाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती तपासणीचे पैसे घेऊन न तपासता निकाल द्यायला. किटचा फ्यूज काढला की बहुतेक सिक्वेन्शियल किट बाजूला होतं आणि गाडी मुकाट्याने पेट्रोलवर चालते. काढा, चालवा, लाइट पुन्हा लागते का बघा. लागली तर ती तुमच्याच कंपनीची गाडी आहे. २०२२ मध्ये केंद्राने बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही बाहेरून किट बसवायची वाट मोकळी करून दिली आहे. या गाड्या आता येत राहणार, बॉनेट बंद करून त्या जाणार नाहीत.

मालकही धुतल्या तांदळाचा नाही. गॅस स्वस्त म्हणून टाकीत पेट्रोल ठेवायचंच नाही, काटा कायम तळाला. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो आणि बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही तो फिरत असतो. कोरडा फिरून तो जळतो, मग ‘किटने पंप खाल्ला’. इंधन बदलायच्या बटणावरच्या, गॅस किती उरला ते दाखवणाऱ्या चार हिरव्या लाइट सारख्या अंतराने विझत नाहीत म्हणूनही भांडण होतं. गॅस भरल्या भरल्या गरम असतो, निवला की दाब उतरतो, पहिली लाइट पटकन जाते, यात बिघाड कसला? दाबाचा सेन्सर एका कंपनीचा आणि पेटी दुसऱ्या कंपनीची असली तर मात्र ते भांडण रास्त आहे. दोन्ही जुळणारी मागा.

पण मालकाचा खरा वाटा पैशांत आहे. सेन्सरचे तीन हजार तो न कुरकुरता देतो, कारण हातात खोका मिळतो. तासभर गाडी चालवून, दोन इंधनांवर आकडे लिहून, फिल्टर उघडून बघणाऱ्याने पाचशे मागितले की त्याचा प्रश्न ठरलेला असतो : ‘‘नुसतं बघायचे पाचशे?’’ मग तो मेस्त्रीही शहाणा होतो. त्याच्या कपाटात किटच्या कंपनीची केबल असते, लॅपटॉपही असतो, चढावर गाडी चालवत गुणक जुळवणं त्याला येत असतं. तो ते काढत नाही. कोड वाचतो, खोका काढतो आणि बिलावर सेन्सर लिहितो. पुढच्या खेपेला त्या ओळीच्या वर दोन आकडे लिहून मागा : पेट्रोलवरचा ट्रिम किती, गॅसवरचा किती. त्या दोन आकड्यांचे वेगळे पैसे लावले तर द्या.